मुंबईतील चमत्कारिक स्थळनावे : कोणती व्युत्पत्ती ग्राह्य धरावी?

हार्बरचा प्रवासी

नमस्कार. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुंबईतील काही उपनगरी रेल्वे स्थानकांची नावे बदलण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. सँडहर्स्ट रोडला डोंगरी, चर्नी रोडला गिरगाव, मरीन लाइन्सला मुंबादेवी, करी रोडला लालबाग आणि कॉटन ग्रीनला काळाचौकी अशी नावे त्यात सुचवलेली आहेत. नावे बदलावीत की बदलू नयेत, हा वाद मला येथे मुळीच घालायचा नाही. मात्र त्या निमित्ताने आमच्या डब्यात जी चर्चा रंगली, तीत प्रत्येक नावामागे किमान दोन कथा निघाल्या आणि सांगणारा प्रत्येक जण आपलीच कथा खरी असल्याचे छातीठोकपणे सांगत होता.

एकाने सांगितले की, इंग्रज क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडच्या भागाला ‘बिहाइंड द बझार’ म्हणत आणि त्याचा अपभ्रंश होऊन भेंडी बाजार झाला. दुसऱ्याचे म्हणणे असे की, मस्जिद स्थानकाचे नाव मुसलमानांच्या मशिदीवरून नव्हे, तर ज्यूंच्या प्रार्थनास्थळावरून पडले. सायन हे नाव जेरुसलेमच्या सायन टेकडीवरून आले, असे तिसऱ्याचे मत होते. चर्नी रोडचा संबंध गुरे चरण्याशी आहे, हे सर्वांनाच मान्य होते, पण सर्वांना मान्य असलेली गोष्ट खरी असतेच असे नाही, म्हणून तेही विचारतो. यांपैकी कोणत्या व्युत्पत्तीवर विश्वास ठेवावा, आणि मुख्य म्हणजे तो कोणत्या आधारावर ठेवावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उंबरखाडी

‘बिहाइंड द बझार’ ही कथा ऐकायला मजेदार आहे, पण ती मला अजिबात पटत नाही. मुंबईतील ज्या ज्या नावात इंग्रजी शब्दाचा असा चतुर अपभ्रंश दाखवला जातो, तेथे आधी आजूबाजूची नावे पाहावीत, असे मी सुचवेन. भेंडी बाजाराच्या एका बाजूला उंबरखाडी आहे, जवळच चिंचबंदर आहे, गिरगावाकडे वळले की फणसवाडी लागते. उंबर, चिंच, फणस या रांगेत भेंडीचे झाड सहज बसते. येथे एक खुलासा आवश्यक आहे. ही भेंडी म्हणजे भाजीची भेंडी नव्हे. पारोसा पिंपळ या नावानेही ओळखले जाणारे, हृदयाच्या आकाराच्या पानांचे आणि पिवळ्या फुलांचे हे झाड कोकण किनाऱ्यावर खाडीच्या काठाने सर्रास वाढते. भाजीच्या भेंडीशी त्याचे कुळ एकच असल्यामुळे फुलेही बरीचशी सारखी दिसतात. ज्या भागात खाडीचे पाणी शिरत होते, तेथे ही झाडे असणे अगदी स्वाभाविक आहे. तेथील बाजाराला लोकांनी झाडावरून हाक मारली, यात नवल ते काय? उलट ज्यांनी भेंडीचे झाडच कधी पाहिले नाही, त्यांना हे नाव चमत्कारिक वाटले आणि मग त्याला अर्थ देण्यासाठी इंग्रजाला बोलवावे लागले.

झाडांवरून पडलेली नावे या शहरात इतकी आहेत की, आजच्या सिमेंटच्या गर्दीत ती थट्टाच वाटावीत. ताडदेव, वडाळा, चिंचपोकळी, बाभूळनाथ ही तर उघडच आहेत. भायखळ्याविषयी दोन मते आहेत. एक म्हणजे बहाव्याच्या झाडांजवळचे खळे आणि दुसरे म्हणजे भाया नावाच्या कोणा शेतकऱ्याचे खळे. दोन्ही मतांत खळे मात्र कायम आहे, म्हणजे तेथे धान्य मळले जात होते एवढे तरी त्यातून हाती लागते.

झाडांनंतर पाणी. आजची मुंबई ही सात बेटे भराव घालून जोडल्याने झाली, हे आपण शाळेत शिकतो, पण ते शिकलेले रस्त्यावर कोठे दिसते असे कोणी विचारले, तर मी पायधुनीचे नाव सांगेन. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधील मोठ्या खिंडारातून भरतीचे पाणी आत घुसत असे आणि मधली सगळी सखल जमीन पाण्याखाली जात असे. ते उथळ पाणी आणि चिखल तुडवून आलेली माणसे जेथे पाय धूत, ती पायधुनी, अशी परंपरागत समजूत आहे. उंबरखाडीतील खाडीही याच पाण्याच्या व्यवस्थेतील. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७७१ ते १७८४ या काळात, त्या खिंडारावर बांध घालण्यात आला आणि पुढे आतली जमीन हळूहळू कोरडी होत गेली. तो बांध म्हणजेच हॉर्नबी वेलार्ड, आजचा लाला लजपतराय मार्ग. त्याच्या दक्षिणेला असलेल्या ब्रीच कँडी या नावातील ‘ब्रीच’ म्हणजे हे खिंडार आणि ‘कँडी’ म्हणजे आपली साधी मराठी खिंड, असे मानले जाते. हे मत खरे असेल, तर शहरातील सर्वांत उच्चभ्रू समजल्या जाणाऱ्या पत्त्यात अर्धे नाव मराठी आहे, पण उच्चार असा की ओळख पटू नये.

भाटकार

उंबरखाडी यांनी झाडांविषयी लिहिले ते योग्यच आहे. त्याला मी बागांची जोड देतो, कारण गिरगावातील नावे केवळ झाडांची नाहीत, तर जमिनीच्या मालकीची आहेत.

आम्हा गोव्याकडच्या लोकांना मुगभाट हे नाव वाचल्याबरोबर त्यातले भाट दिसते. गोव्यात भाट म्हणजे माडांची बाग किंवा बागाईत जमीन, आणि तिचा मालक तो भाटकार. कुलाब्याची व्युत्पत्तीही अनेक अभ्यासक कोळभाट, म्हणजे कोळ्यांची जमीन, अशी लावतात. मुंबई बेटावरही पोर्तुगीजांच्या काळापासून माडांच्या आणि भाजीपाल्याच्या अशाच बागा होत्या, आणि पोर्तुगीज ‘ऑर्ता’ या शब्दावरून इंग्रजांनी त्यांना ‘ओअर्ट’ म्हणायला सुरुवात केली. मराठी माणसाने त्याच बागांना वाडी म्हटले. म्हणून खेतवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, फणसवाडी अशी रांगच्या रांग आज चाळींच्या नावाने उरली आहे. आता वाडी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तीन मजली चाळ, सार्वजनिक गणपती आणि पाण्याच्या वेळेवरून होणारी भांडणे उभी राहतात, पण नाव पडले तेव्हा तेथे खरोखरच विहीर आणि पाटाचे पाणी होते.

पोर्तुगीजांचा शब्द आणखी दोन ठिकाणी लपला आहे. वेलार्ड हा शब्द इंग्रजी नाही. पोर्तुगीज भाषेत बांधाला किंवा कुंपणाला ‘वाल्लादो’ म्हणतात, त्याचा तो बिघडलेला उच्चार होय. दुसरे नाव फोरास रोडचे. त्या रस्त्याच्या बदनामीमुळे नावाविषयीही भलतेसलते सांगितले जाते, वास्तविक त्याचा संबंध शेतसाऱ्याशी आहे. पोर्तुगीज ‘फोरो’ म्हणजे जमिनीवरील ठरावीक खंड. बांध झाल्यावर वर आलेली दलदलीची जमीन लागवडीखाली आणावी म्हणून ती अल्प खंडाने लोकांना देण्यात आली, तिला फोरास जमीन म्हणत, आणि तिच्यावरील हक्कांचा निकाल लावण्यासाठी १८५१ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या जमिनीतून गेलेला रस्ता तो फोरास रोड.

अपोलो बंदराचेही असेच आहे. त्याचा ग्रीक देवाशी काडीचाही संबंध नाही. जुनी मराठी माणसे त्याला पालवा बंदर म्हणत असत आणि आजही काही जण म्हणतात. पालव्याचा अपोलो करणे हा साहेबाच्या कानाचा प्रताप होय.

मोडीवाचक

मस्जिद स्थानकाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यामागचा इतिहास केवळ नावापुरता नाही.

कोकणातील, विशेषतः कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, बेने इस्राएल हा ज्यू समाज शतकानुशतके मराठी बोलत आला आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी काम बंद ठेवण्याचा धर्मनियम यांमुळे गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. गावावरून आडनाव लावण्याची आपली रीत त्यांनीही स्वीकारली, त्यामुळे पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी त्यांची आडनावे आढळतात. अठराव्या शतकात यांपैकी अनेक कुटुंबे मुंबईत आली आणि पुष्कळ पुरुष कंपनीच्या पलटणीत भरती झाले.

त्यांपैकी एक सॅम्युएल इझिकेल दिवेकर. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात ते टिपू सुलतानच्या कैदेत सापडले आणि पुढे त्यांची सुटका झाली. सुखरूप परत आल्याबद्दल कृतज्ञता म्हणून त्यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात सिनेगॉग बांधले. मुंबईतील हे पहिले सिनेगॉग. त्याचे हिब्रू नाव शआर हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार. ज्या रस्त्यावर ते उभे आहे, त्याला आजही सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात. आता मुद्द्याची गोष्ट अशी की, त्या काळातील मराठीत सिनेगॉगला वेगळा शब्दच नव्हता. मूर्ती नसलेले, ठरावीक वेळी सामुदायिक प्रार्थना होणारे स्थान म्हणजे मशीद, असे शेजारी म्हणत आणि बेने इस्राएल स्वतःही आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत. १८४० मध्ये जवळच दुसरे सिनेगॉग झाले, तेव्हा ते नवी मशीद ठरले आणि दिवेकरांचे आपोआप जुनी मशीद झाले. या जुन्या मशिदीवरूनच त्या भागाला आणि पुढे स्थानकाला नाव मिळाले, असे सांगितले जाते आणि मला ते पटण्याजोगे वाटते.

ठाकूरद्वार

मोडीवाचक यांची माहिती मोलाची आहे, तरीही एक शंका मांडतो. त्याच परिसरात झकेरिया मशीद आहे, आणि क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद तर एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभीची आहे. एवढ्या मोठ्या मशिदी जवळ असताना स्थानकाचे नाव एका लहानशा समाजाच्या प्रार्थनास्थळावरून पडले, हे गृहीत का धरावे? सिनेगॉगची कथा लोकांना आवडते, कारण ती अनपेक्षित आहे. ‘बिहाइंड द बझार’ही लोकांना त्याच कारणाने आवडते.

मोडीवाचक

आपली शंका रास्त आहे, परंतु दोन्ही कथा एका तराजूत तोलता येणार नाहीत. ‘बिहाइंड द बझार’ मानण्यासाठी इंग्रजांनी एखाद्या वस्तीला असे अर्धवट वाक्यच नाव म्हणून दिले आणि ते मराठी, गुजराती व उर्दू बोलणाऱ्या सगळ्यांनी जसेच्या तसे उचलले, असे मानावे लागते. याउलट सिनेगॉगला मशीद म्हणणे हा त्या समाजाचा नित्याचा प्रयोग होता आणि जुनी व नवी ही विशेषणे आजतागायत टिकून आहेत. जामा मशिदीविषयी म्हणाल, तर ती स्थानकापासून पश्चिमेला बाजारपेठेच्या पलीकडे आहे. सॅम्युएल स्ट्रीट आणि मांडवी स्थानकाला अधिक निकट आहेत. मी म्हणूनच ‘पटण्याजोगे’ हा शब्द वापरला, ‘सिद्ध’ हा नव्हे.

ठाकूरद्वार

‘पटण्याजोगे’ एवढे मलाही मान्य आहे. आता माझ्या अंगणातल्या चर्नी रोडविषयी.

प्रचलित कथा अशी आहे की, १८३८ च्या सुमारास सरकारने गुरे चारण्यावर कर बसवला, तो गरीब गोपालकांना परवडेना, तेव्हा जमशेटजी जिजीभाई यांनी स्वतःचे वीस हजार रुपये खर्चून ठाकूरद्वारच्या समुद्रकाठी गवताची जमीन विकत घेतली आणि ती गुरांसाठी मोकळी ठेवली. चरणीवरून चरणी रोड आणि इंग्रजी लेखनामुळे चर्नी. दुसरे मत फारसे कोणाला ठाऊक नसते. ठाणे स्थानकाजवळ चेंदणी नावाची जुनी वस्ती आहे, तेथील लोक गिरगावात येऊन राहिले आणि त्यांच्या मूळ गावावरून या भागाला चेंदणी म्हणू लागले, त्याचेच पुढे चर्नी झाले, असे ते मत आहे. माझा कल चरणीकडे आहे. चेंदणीचे चर्नी होण्यासाठी उच्चारात बरीच ओढाताण करावी लागते, तर चरणी उच्चारताना काहीच करावे लागत नाही. शिवाय थोडे पुढे गवालिया टँक आहे, जेथे गवळी गुरे धुण्यासाठी आणत. १९४२ चे ‘चले जाव’ आंदोलन जेथून सुरू झाले, तेच हे मैदान. म्हणजे या पट्ट्यात गुरांचा वावर होता, याला दुसऱ्या नावाचा दुजोरा मिळतो.

सायनचा प्रश्न मात्र मला अवघड वाटत नाही. त्या स्थानकाचे मराठी नाव शीव आहे, आणि शीव म्हणजे गावाची हद्द, हे खेड्यातून आलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. मुंबई इंग्रजांकडे आली आणि साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली, तेव्हा दोघांमधील हद्द येथेच होती; म्हणून तर गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिए यांच्या काळात टेकडीवर किल्ला बांधला गेला. हद्दीवरच्या जागेला हद्दच म्हणावे, याहून सरळ काय असणार? शीवचा उच्चार परक्यांनी आपल्या ओळखीच्या सायनसारखा करून घेतला असेल, पण म्हणून नावाचा उगम जेरुसलेमला नेण्याचे कारण नाही. प्रश्नकर्त्यांनी कसोटी विचारली आहे. माझी कसोटी हीच, की स्थानकाची पाटी बाजूला ठेवून त्या जागेला कोळी, भंडारी, आगरी, पाठारे प्रभू ही जुनी मंडळी काय म्हणत, ते आधी शोधावे. पालवा, शीव, वांद्रे, परळ ही रूपे समोर ठेवली की अपोलो, सायन, बँड्रा, पारेल यांभोवती रचलेल्या निम्म्या कथा गळून पडतात.

हार्बरचा प्रवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कसोटी लक्षात आली, परंतु एक अडचण शिल्लक राहते. जी नावे मुळातच इंग्रजांनी दिली, तेथे मराठी रूप शोधण्यात अर्थ नाही. कॉटन ग्रीन, मरीन लाइन्स आणि चर्चगेट या नावांचा आजच्या जागेशी मेळच बसत नाही. कॉटन ग्रीनला हिरवळ नाही, चर्चगेटला फाटक नाही.

उंबरखाडी

फाटक होते. किल्ल्याच्या तटबंदीला जी तीन दारे होती, त्यांपैकी सेंट थॉमस चर्चच्या समोर जाणारे दार ते चर्चगेट. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी तट पाडून टाकला, आणि दाराच्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले, ज्याच्या शेजारी आज हुतात्मा स्मारक आहे. दार गेले आणि नाव पश्चिमेकडील स्थानकाला चिकटले. मरीन लाइन्समधील मरीन म्हणजे समुद्रकिनारा नव्हे, तर मरीन बटालियन ही पलटण, आणि लाइन्स म्हणजे तिच्या बराकींच्या रांगा. आपण पोलीस लाइन म्हणतो, त्याच अर्थाने. मरीन ड्राइव्ह त्यानंतर कितीतरी काळाने झाला. त्या स्थानकासाठी मुंबादेवी हे नाव कोणी सुचवले ते सुचवो, मंदिर आज भुलेश्वराच्या बाजूला झवेरी बाजाराजवळ आहे आणि त्याआधीचे बोरीबंदराच्या परिसरात होते, त्यामुळे एक विसंगती काढून दुसरी बसवल्यासारखे मला वाटते. डोंगरीचे तसे नाही. सँडहर्स्ट हे १८९५ ते १९०० या काळातील गव्हर्नर. १८९६ च्या प्लेगनंतर दाट वस्ती मोकळी करण्यासाठी सुधार ट्रस्ट स्थापन झाला, त्याने चौपाटीपासून पूर्वेकडे रुंद रस्ता काढला, त्याला त्यांचे नाव मिळाले. डोंगरी हे नाव त्याच्याही आधी दोन शतके तरी रुळलेले होते.

करी रोडचा कढीशी संबंध जोडणाऱ्यांसाठी एका ओळीत सांगतो. करी हे बी. बी. सी. आय. रेल्वेच्या एजंटाचे आडनाव होते.

भाटकार

कॉटन ग्रीनचे उत्तर राहिले, ते देतो, कारण ते नाव इतर सर्वांहून वेगळे आहे. चर्चगेटला जागा थोडी सरकली, येथे मात्र नावाने तीन ठिकाणी मुक्काम केला. किल्ल्याच्या आत टाउन हॉलसमोर मोठे मोकळे मैदान होते, त्याला बॉम्बे ग्रीन म्हणत. आज तेथे हॉर्निमन सर्कल आहे. देशभरातून आलेल्या कापसाच्या गाठींचे ढीग तेथे रचलेले असत आणि सौदेही तेथेच होत, म्हणून ते कॉटन ग्रीन. आग लागण्याची भीती आणि गर्दी यांमुळे १८४४ मध्ये हा व्यापार कुलाब्याला हलवण्यात आला आणि नावही त्याबरोबर गेले. पुढे विसाव्या शतकात शिवडी आणि माझगाव यांच्यामधील भरावाच्या जमिनीवर गोदामे आणि कापूस बाजाराची इमारत झाली, तेव्हा नावाने पुन्हा बिऱ्हाड बदलले आणि ते हार्बर मार्गावर स्थिरावले. या शेवटच्या जागी हिरवळ असण्याचे कधीच कारण नव्हते. काळाचौकी ही वस्ती स्थानकाच्या पश्चिमेला लागूनच आहे, त्यामुळे नवे नाव रूढ झाले तर प्रवाशांची दिशाभूल होणार नाही, पण कापूस बाजाराच्या इमारतीवरील पाटी तेवढी कॉटनचीच राहील.